माझ्या निधनाबाबत थोडा खुलासा

गोर्ना बूका,
सोमवार, १४ ऑक्टोबर

चि. सौ. नेवेना हीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, मी जिवंत आहे.

ही बातमी एरवी पत्राने कळवण्याच्या योग्यतेची नाही, हे मला मान्य आहे. गेली सहा वर्षे मी जिवंतच होतो आणि त्याबद्दल तुला एकदाही कळवले नाही. तूही विचारले नाहीस. पण परवा शनिवारी ग्रोझदानने आपण चालवतो त्या बसच्या काचेतून थांब्यावरच्या खांबाचा फोटो काढला आणि प्लॉवदिव्हला आपल्या मेहुणीकडे पाठवला, असे तो स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगत फिरतो आहे. मेहुणी तुझ्याच गल्लीत राहते. तेव्हा काळ्या चौकटीत हसत असलेला आपला भाऊ तुझ्या पाहण्यात आला असण्याचा संभव आहे. तसे झाले असल्यास दुर्लक्ष करावे. छापखान्याची चूक आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. गुडघा तेवढा पावसाच्या आधी बोलू लागतो, पण तो मेलेल्या माणसाचा गुडघा खचित नव्हे.

इकडील हालहवाल नेहमीची. मिरच्या भाजून बरण्यांत गेल्या, आता घराघरांतून लोणच्याच्या कोबीचा वास येतो. शिखरावर एकदा बर्फ पडून गेले, पण ते अजून मनापासून पडलेले दिसत नाही. तुझ्या खिडकीसमोरच्या अक्रोडाने यंदा अंगण भरून टाकले. फोडायला माणूस नाही, म्हणून खारी फोडतात आणि टरफले माझ्यासाठी ठेवतात. तुझ्या असेनला नमस्कार सांग. त्याचे ते पोटाचे कसे आहे?

आता मी कसा मेलो ते सांगतो.

शनिवारी आईची तिथी होती, हे तुला सांगायला नको. गावभर चिकटवायची शोकपत्रके मी आधीच शहरातल्या छापखान्यात सांगून ठेवली होती आणि गठ्ठा त्या दिवशीच्या बसने यायचा होता. पण त्याच दिवशी बकऱ्यांची पाळी माझ्या घराची निघाली. बदलून मागावी, तर शेजारचा तानास तयार झाला असता. पण त्याबद्दल वर्षभर त्याचे उपकार ऐकावे लागले असते. त्यापेक्षा बकऱ्या बऱ्या. मी उजाडताच साऱ्या गावाच्या बकऱ्या घेऊन वरच्या कुरणात गेलो आणि जाताना स्तोयनामावशीला सांगितले, "मावशी, गठ्ठा आला की नेहमीच्या जागी लावून टाक."

मावशीने लावला. थांब्याचा खांब, आपल्या घराचे फाटक, दुकानाचा दरवाजा, पाणवठ्यावरचा अक्रोड, आणि शेवटी चर्चचे फाटक. तिने मजकूर वाचला नाही. तो कोण वाचतो? आपल्या गावात मजकूर सगळ्यांना पाठ आहे, फक्त चेहरा बदलत असतो. यंदा चेहरा माझा होता. खाली नाव आईचे, वय आईचे, आणि "प्रेमळ माता, आजी व शेजारीण" हेही आईचेच. पण वर काळ्या चौकटीत मी, मिशीसकट, खदाखदा हसतो आहे.

पुढचे मी अनेकांच्या तोंडून ऐकले. प्रत्येकाची संहिता वेगळी आहे, मी त्यातल्या त्यात विश्वसनीय पाठ तुला देतो.

मावशी शेवटचे पत्रक लावून मागे सरली, तिने मला पाहिले आणि ती चर्चच्या पायरीवर बसली. मग उठून तिने घंटा वाजवली. बायका कोबी तसाच टाकून बाहेर आल्या. तानास आपल्या फाटकात आला.

"कोण गेलं?"

"मास्तर."

"कोण, आपला? संस्कृतवाला?"

"दुसरा कोण आहे?"

"कालच तर माझ्याशी भांडला! चांगला होता!" तानास म्हणाला. मग त्याने टोपी काढली. मग त्याला काहीतरी आठवले आणि त्याने ती पुन्हा घातली. "अगं, पण आज बकऱ्यांची पाळी कोणाची?"

उत्तर मावशीने दिले, असे सगळेच सांगतात.

"मास्तरची."

त्यानंतर मात्र, नेवेना, माझ्यासाठी खरोखरचे रडणे सुरू झाले. गावातली प्रत्येक शेळी डोंगरावर एका मेलेल्या माणसाच्या ताब्यात होती.

लगेच पाणवठ्यावर शास्त्रार्थ भरला. मास्तर सकाळीच गेला असेल, तर बकऱ्या कोणी नेल्या? आणि वर कुरणात गेला असेल, तर छापखान्याला कळले कसे? मावशीचे मत पडले, की शहरात सगळेच लवकर कळते. तानासने दुसरा पक्ष मांडला, "तो शिस्तीचा माणूस. त्यानं स्वतःच आधी छापून ठेवलं असणार. बघा ना, हसतोय कसा. माहीत असल्यासारखा." हा पक्ष सर्वानुमते मान्य झाला. माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात इतका निर्दोष युक्तिवाद मी कधी ऐकला नव्हता.

सोफिया शहरात उभी हयात मी मृत भाषा शिकवण्यात घालवली, हे गावाला ठाऊक आहे. त्यामुळे मी तिकडच्या मंडळींत गेलो यात कोणाला फारसे नवलही वाटले नाही. दोघे जण बकऱ्या शोधायला म्हणून निघाले आणि दुकानापर्यंत गेले. तानास माझ्या तळघरात गेला. किल्ली कुंडीखाली असते हे साऱ्या गावाला माहीत आहे. तिथून माझ्या राकियाची मोठी बाटली आणून, माझ्यासाठी म्हणून त्याने थोडी जमिनीवर ओतली आणि बाकीची ज्यांचे दुःख मोठे होते त्यांना दिली. सर्वांत मोठे दुःख त्याचेच होते. तिसऱ्या पेल्यानंतर त्याने भाषण केले. "बांधावरचं ते आलुबुखाराचं झाड मास्तरचंच होतं," तो म्हणाला. "पंधरा वर्षं मी उगाच भांडलो. त्याच्या आजोबांनी लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. देवा, मला माफ कर." बायका रडल्या. मावशीने माझ्या नावाने गहू शिजत लावला.

आणि सूर्य टेकडीमागे गेला तेव्हा मी बकऱ्या घेऊन खाली आलो.

यमराज रेड्यावरून येतात अशी माझी माहिती आहे. बकऱ्यांमागून, हातात काठी, खांद्यावर भाकरीची रिकामी पिशवी अशा थाटात परलोकातून कोणी परत आल्याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही. मावशी किंचाळली. तानासने छातीवर क्रूस काढला, तो पेला हातात असल्यामुळे अर्धाच निघाला. अर्ध्या बायका माझ्यापासून दूर पळाल्या आणि अर्ध्या बकऱ्यांकडे धावल्या. दूर पळालेल्याही, नीट पाहिलेस तर, बकऱ्यांकडेच वळसा घालून धावत होत्या. प्रत्येकीने आधी आपली शेळी धरली, मग मला हात लावून पाहिला.

"मास्तर," तानास लांबूनच म्हणाला, "तू... आहेस का?"

"असायला हरकत आहे का?"

"नाही, हरकत कसली? पण खांबावर लावलंय."

मी खांब पाहिला. स्वतःचा चेहरा काळ्या चौकटीत पाहून माणसाला वैराग्य यावे, अशी अपेक्षा असते. मला फक्त वाटले, की मिशी तेव्हा बरी होती.

शिजलेला गहू वाया जाऊ नये म्हणून मी त्यातला एक वाडगा खाल्ला. आपल्या आत्म्याच्या शांतीसाठीचे अन्न आपणच खाल्ले तर ते पोहोचते की नाही, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. चव चांगली होती, साखर थोडी कमी पडली. मग मी तानासकडे वळलो.

"झाडाचं ऐकलं मी."

"ते मी मेलेल्या माणसाला म्हटलं होतं," तो म्हणाला. "जिवंताला लागू नाही."

"म्हणजे मी असेपर्यंत झाड तुझं?"

"आणि तू गेलास की तुझं. मी शब्द फिरवणारा माणूस नाही."

आज छापखान्यात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना, फोटोतला हसणारा चेहरा घ्या?" मी म्हणालो, हसणारी बाई. त्या म्हणाल्या, "दोघंही हसताय. पण तुम्ही जास्त हसताय." नवी पत्रके शुक्रवारी येतील. फोटो कोणता होता, याला या पत्रात महत्त्व नाही.

जाता जाता एक लहानशी गोष्ट. यंदा तुझी पत्रके आली नाहीत.

तिथीला गावात दोन आया लागतात याची लोकांना आता सवय झाली आहे. माझी आई ओळखपत्रावरची: रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला, ओठ मिटलेले, पळी कोणी नेली असे आता विचारील अशी. तुझी आई तुझ्या लग्नातली: पुढचा एक दात नसलेली आणि तरी तोंडभर हसणारी. दरवर्षी मी माझी छापतो, तू तुझी बसने पाठवतेस, आणि मावशी अत्यंत निःपक्षपातीपणाने एकावर एक चिकटवते. वारा आला की वरचा कागद उडतो आणि खालची आई दिसते. मेलेल्या माणसाने खांबावरून दात काढून हसू नये, हे माझे मत तुला माहीत आहे. ओळखपत्रातली बाई आई नसून अटक झालेली कोणीतरी आहे, हे तुझे मत साऱ्या गावाला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी, आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, फाटकात उभी राहून तू म्हणालीस, "दादा, तू आईला ओळखपत्राइतकीच ओळखतोस." शेवटची सगळी वर्षे तिच्या उशापायथ्याशी मी बसलो होतो. मी म्हणालो, "आणि तू लग्नकार्यापुरती." दोन्ही वाक्ये आटोपशीर होती. अशी वाक्ये पाठ होऊन बसतात, एवढाच त्यांचा दोष.

तर यंदा तू पाठवली नाहीस. ग्रोझदानला विचारले, तो म्हणाला काही दिले नाही. तुझी इच्छा. मी काही म्हणत नाही. लक्षात आले म्हणून लिहिले.

पत्र ग्रोझदानच्याच हाती देत आहे.

तुझा,
रांगेल
(हयात)


गोर्ना बूका,
रविवार, २० ऑक्टोबर

चि. नेवेना हीस आशीर्वाद.

मागचे पत्र मिळाले असेल असे धरून चालतो. नसल्यास ग्रोझदानला बसची मागची बैठक उचलायला सांग. तिच्याखाली काय काय असते याचा अनुभव मला परवा शुक्रवारी आला.

शुक्रवारी मी थांब्यावर नव्या पत्रकांसाठी उभा होतो. ग्रोझदानने छापखान्याचा गठ्ठा दिला, आणि मग डोके खाजवत म्हणाला, "मास्तर, रागावणार नसशील तर एक सांगतो."

"रागावणार असेन तर?"

"तरी सांगायलाच लागेल. हे बटाट्याच्या पोत्याखाली होतं. गेल्या शनिवारचं. तुझ्या बहिणीनं दिलेलं. काय झालं, की इथं गाडी लावली, गठ्ठा मावशीला दिला, तिनं पहिला कागद लावला आणि बघतो तर खांबावर तू. माझं डोकंच चाललं नाही. मला वाटलं, भाऊच गेला, आता बहिणीचं सामान घ्यायला आहे कोण? म्हणून परत न्यायला ठेवलं, आणि मग विसरलो."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा विसरलेलो होतो ना!"

हा मनुष्य गेली वीस वर्षे आपल्या गावाची औषधे, पत्रे आणि पेन्शनी वाहतो. आपण सारे अजून जगतो आहोत यामागे ईश्वरी योजना असावी.

मी तुझा गठ्ठा तिथेच, थांब्याच्या बाकावर बसून सोडला. तुझी हसरी आई पाहण्याची मनाची तयारी केली होती. गेली सहा वर्षे करतो.

आतून ओळखपत्रावरची आई निघाली. रुमाल हनुवटीखाली घट्ट. पळी कोणी नेली?

मी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो, आणि ती माझ्याकडे. आमच्यात सवय आहे.

आता छापखान्याला मी कोणता फोटो दिला होता, ते सांगणे आले. मागच्या पत्रात लिहायचे राहिले. राहिले नाही, राखले. तुझ्या लग्नातला दिला होता. आई आणि मी शेजारी शेजारी, अंगणातल्या लांब बाकावर. बाईंना म्हटले, हसणारा चेहरा कापून घ्या. पुढचे तू जाणतेस.

मी स्वतःला कारण असे दिले होते, की ओळखपत्रावरचा फोटो फिका पडला. फोटो फिका पडलेला नाही, ती बाई मुळातच तशी आहे. खरे एवढेच, की यंदा मिरच्या भाजताना मला आईचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला आणि तो हसण्याचा होता. रागावण्याचाही आठवून पाहावा, म्हणून मी दोन मिरच्या मुद्दाम करपवल्या. तरी आला नाही. सबब तुझा फोटो.

तुझे कारण काय, ते मी विचारत नाही. तुला तो आवाज कसा आठवतो, तेही नाही.

पण आपण केले काय, ते पाहा. सहा वर्षे गावात दोन आया लागत होत्या, एक तुझी आणि एक माझी. यंदा दोघांनीही माघार घेतली, एकाच वेळी, एकमेकांना न सांगता. आणि गावात पुन्हा दोन आयाच लागायच्या झाल्या. फक्त आता हसरी माझी आहे आणि रागीट तुझी. तानास दोन्ही गठ्ठे पाहून म्हणाला, "मास्तर, तुम्ही दोघं समेटसुद्धा एकमेकांच्या विरोधात करता." मी त्याला म्हटले, आधी झाडाचे बोल. तो म्हणाला, "तू आधी मर."

आता आणखी एक. हे लिहावे की नाही यात तीन दिवस गेले, आणि मध्ये एक संपूर्ण कोबी चिरून झाला.

मागच्या पत्रात मी लिहिले, की फोटो तुझ्या पाहण्यात आला असण्याचा "संभव आहे". तेव्हा मला पक्के माहीत होते. शनिवारीच संध्याकाळी गहू खाताना मावशीने सांगितले होते. तू तिला फोन केलास. मी अजून डोंगरावर होतो, म्हणजे, गावाच्या मते, निराळ्याच डोंगरावर. मावशीचे ऐकणे तुला माहीत आहे. ती फोनवर जे ऐकते ते मोठ्याने परत म्हणते, त्यामुळे पाणवठ्यावर उभ्या असलेल्या सर्वांना ते कळले आणि माझ्यापर्यंत त्याचे अनेक पाठभेद पोहोचले. सर्व पाठांत समान असलेला भाग येणेप्रमाणे.

तू म्हणालीस, "त्याला राखाडी सूट घालू नका. कॉलर टोचते त्याला. आईनं विणलेला तपकिरी स्वेटर आहे, तो घाला."

मावशी म्हणाली, "स्वेटरमध्ये कसं पुरायचं, बाई? लोक काय म्हणतील?"

"लोकांना थंडी वाजणार आहे का? त्याला वाजेल. डोंगरातला ऑक्टोबर आहे." मग तू विचारलेस, "फोटो कोणता लावलाय? ग्रोझदानच्या मेहुणीच्या फोनवर नीट दिसत नाही."

"तुझ्या लग्नातला."

"लग्नातला?"

"हो. हसतोय त्याच्यात."

त्यानंतर काय झाले ते मावशीने मोठ्याने परत म्हटले नाही. शब्द नव्हते, म्हणून तिला ते म्हणता आले नसावे. ती स्वतःच एप्रनला डोळे पुसू लागली, आणि पुसता पुसता तिने वर पाहिले, तो चढावरून बकऱ्या येताना दिसल्या आणि बकऱ्यांमागे मी. किंचाळून तिने फोन टाकला तो पाणवठ्याच्या कठड्यावर पडला, आणि चालूच राहिला.

तेव्हा आता हा खुलासा. खरे सांगायचे तर दोन्ही पत्रांचे कारण हेच. सहा वर्षांनी माझ्या तोंडचे जे पहिले शब्द तुझ्या कानी पडले, म्हणजे, "अरे मेल्या, तिकडे कुठे चाललास, तुझ्या सात पिढ्यांनी खाल्लाय का कोणाचा कोबी!", ते तानासच्या बोकडाला उद्देशून होते. तो मावशीच्या अंगणात शिरला होता. ते तुला नव्हते. एरवी माझी भाषा इतकी खालावलेली नाही. तुझ्याशी बोलायचे ठरले असते तर मी काहीतरी बरे योजले असते. सहा वर्षे योजतोच आहे. अजून मसुदा पुरा होत नाही.

मावशीने फोन उचलला तेव्हा तू गेली होतीस. पण बोकडाचे ऐकेपर्यंत होतीस, असे ती शपथेवर सांगते. पलीकडून कोणीतरी रडता रडता एकदम हसल्यासारखे तिला वाटले. तिचे ऐकणे भरवशाचे नाही. मी मात्र तिच्यावर विश्वास ठेवायचे ठरवले आहे. या वयात काहीतरी श्रद्धेने स्वीकारावे लागते.

राखाडी सूट मी परवा तानासला देऊन टाकला. त्याला पोटावर बसत नाही, पण तो म्हणाला, मास्तरची आठवण म्हणून ठेवीन.

पत्रके लावली. यंदा मावशीच्या हाती दिली नाहीत, स्वतः खळीचे भांडे आणि कुंचला घेऊन फिरलो. एकावर एक नाही, शेजारी शेजारी लावली. आता दर ठिकाणी दोन आया आहेत. डावीकडची उजवीकडचीला विचारते आहे, एवढं हसायला काय झालं? उजवीकडची सांगत नाही. वाऱ्याने यंदा काही उडणार नाही. खळ मी जाड केली आहे.

दुसरी बातमी म्हणजे आठ नोव्हेंबरला माझ्या नावाच्या देवदूताचा सण, म्हणजे माझा नामदिन आहे. हे नुसते कळवतो. नामदिनाला आपल्याकडे कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचे तो येतो आणि न विचारता बाकावर बसतो. आमंत्रण देणे असभ्यपणाचे समजतात, आणि आपली आई तर अपशकुनच समजत असे. तेव्हा मी तुला बोलावीत नाही, हे तू जाणून आहेस. बोलावण्याची मला सोयच नाही. गेल्या पाच नामदिनांना मी फाटक उघडे ठेवून बसलो. तानास आला, मावशी आली, बोकडही एकदा आला. कोणालाही बोलावले नव्हते. आणखीही कोणाला बोलावले नव्हते.

यंदा आठ तारीख शुक्रवारी येते. शुक्रवारी बस असते. चीजची बानित्सा मावशी करणार आहे, त्यामुळे खालून थोडी करपेल. तुझी खोली झाडून घेतली. ती आईसाठी म्हणून झाडली, तिला धूळ चालत नसे. असेनच्या पोटाला राकिया चालत नसेल तर त्याच्यासाठी पातळ ताक आहे.

राहता राहिला एकच अडचणीचा मुद्दा. माझ्या चेहऱ्याची पत्रके सगळीकडून निघाली, फक्त थांब्यावरच्या खांबाची निघत नाही. ते मावशीने लावलेले पहिले, तेव्हा तिची खळ ताजी होती. गरम पाणी झाले, सुरी झाली, तानासने दातही लावून पाहिले. शेवटी खालचे "प्रेमळ माता, आजी व शेजारीण" तेवढे खरवडता आले. वरचा मी तसाच आहे. तेव्हा शुक्रवारी कोणी बसमधून उतरलेच, तर उतरताक्षणी काळ्या चौकटीतला मी समोर येईन. घाबरू नये. शेजारीच मी स्वतः उभा असेन, तपकिरी स्वेटरमध्ये.

त्या फोटोत मी इतका कशाला हसतो आहे, असे मावशी रोज जाता-येता विचारते. मी सांगत नाही. लग्नाची जाळीची ओढणी दातात धरून, एका हाताने पोशाख आणि दुसऱ्याने कॅमेरा सावरत, जेवणाच्या टेबलावर चढलेली एक नवरी समोरून दातांतूनच ओरडत होती, "दादा, हलू नकोस, आईला हसव!" हे गावात आता कोणाला आठवत नाही.

तुझा,
दादा